लॅटिनोंची परिषद : सल्ला आहे, सत्ता नाही

अल्पसंख्य समाजाचे म्हणणे सरकारदरबारी पोहोचविण्यासाठी मंडळे स्थापन होतात. परंतु त्यांच्या शब्दाला वजन किती, हा प्रश्न मागे उरतोच. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या लॅटिनो व्यवहार परिषदेचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील साखर कारखान्यांना बीटच्या शेतांत राबणारे मजूर हवे होते. टेक्सास आणि मेक्सिकोतून कुटुंबे हंगामासाठी येऊ लागली. त्यांतील अनेक जण राजधानी सेंट पॉलच्या ‘वेस्ट साइड’ भागात स्थायिक झाले. साठच्या दशकात तेथील नदीकाठची जुनी वस्ती औद्योगिक वसाहतीसाठी हटविण्यात आली.

राज्य विधिमंडळाने १९७८ मध्ये कायदा करून स्पॅनिश भाषकांसाठी परिषद स्थापन केली. समाजाच्या अडचणींबाबत गव्हर्नर व विधिमंडळाला सल्ला देणे, कायद्यांत बदल सुचविणे आणि सरकारी खात्यांशी दुवा साधणे, ही तिची कामे ठरली. पुढे भाषेऐवजी वंशपरंपरा सांगणारे ‘चिकानो-लॅटिनो’ हे नाव तिला मिळाले. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी नागरिकांना ‘चिकानो’ म्हणतात.

दरम्यान समाज झपाट्याने वाढला. जनगणनेनुसार १९८० मध्ये राज्यात सुमारे ३२ हजार लॅटिनो होते. २०२० मध्ये ही संख्या सुमारे ३ लाख ४५ हजारांवर गेली. परिषदेचा प्रभाव मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनी २०१४ च्या अहवालात या परिषदेसह कृष्णवर्णीय, आशियाई आणि मूळनिवासी समाजांच्या परिषदांच्या कामाची कठोर चिकित्सा केली. कामाचे यश मोजता येईल अशी उद्दिष्टे नाहीत, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता.

त्यानंतर २०१५ मध्ये कायदा बदलला. परिषदेला सध्याचे नाव मिळाले आणि कार्यकारी संचालकाची नेमणूक विधिमंडळाच्या समन्वय आयोगाकडे गेली. राज्यातील मराठीजनांसह भारतीय वंशाचे रहिवासी ज्या आशियाई-पॅसिफिक परिषदेच्या कक्षेत येतात, तिलाही हीच चौकट लागू झाली.

परिषदेला आजही निर्णयाचा अधिकार नाही. स्थलांतरितांच्या कायदेशीर दर्जाची अट न ठेवता वाहन परवाना देण्याचा २०२३ चा कायदा विधिमंडळानेच केला. सल्ला परिषदेचा असला, तरी मत आमदारांचेच मोजले जाते.