स्वादुपिंड राखावें कीं काढावें?

जठराच्या मागें, पाठीच्या कण्यावर आडवी पसरलेली स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि असते. तिचीं कामें दोन. एक, अन्न पचविणारा रस आंतड्यांत सोडणें. आणि दुसरें, आपल्यांत विखुरलेल्या पेशींच्या लहान बेटांतून इन्सुलिन निर्माण करून रक्तांतील साखर ताब्यांत ठेवणें.

पाचकरसांतील ट्रिप्सिन हें द्रव्य ग्रंथींत निद्रिस्त असतें. आंतड्यांत पोंचल्यावरच तें जागें व्हावयाचें. कांहीं थोड्या घराण्यांत मात्र तें ग्रंथींतच जागें होतें व आपल्या जन्मदात्रीलाच जाळूं लागतें. या आनुवंशिक दाहाचें वर्णन अमेरिकेंत कंफर्ट व स्टाइनबर्ग यांनीं १९५२ सालीं केलें. त्याचें मूळ एका जनुकांतील दोषांत आहे, हें १९९६ सालीं कळलें. दुखणें बहुधा बालपणींच सुरू होतें. कळ पोटांतून पाठींत जाते. वरून कांहींच दिसत नाहीं, म्हणून मुलाचें तें सोंग वाटण्याचा संभव असतो.

औषधांनीं भागेनासें झालें म्हणजे शस्त्रवैद्यापुढें मुख्यतः दोन मार्ग राहतात. ग्रंथींतील रसवाहिनी खड्यांनीं तुंबून फुगली असेल, तर ती उभी चिरून, खडे काढून, तिला लहान आंतड्याची जोड देतात. पार्टिंग्टन व रोशेल यांनीं १९६० सालीं मांडलेली ही शस्त्रक्रिया आजहि करतात. हिच्यानें रसाला वाट मिळते व ग्रंथि वांचते. पण मूळ दोष तसाच राहतो, आणि कर्करोगाचें भयहि.

दुसरा मार्ग सबंध ग्रंथि काढण्याचा. तिच्याबरोबर इन्सुलिनहि जातें व कठीण मधुमेह जडतो. यावर १९७७ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत एक उपाय योजण्यांत आला. काढलेल्या ग्रंथींतील बेटें वेगळीं करून तीं यकृताकडे जाणाऱ्या शिरेंतून रोग्याच्याच यकृतांत सोडतात. तेथें रुजून तीं इन्सुलिन करूं लागतात. पेशी रोग्याच्या स्वतःच्याच असल्यामुळें शरीर त्यांना परकें मानीत नाहीं. तरी कांहींना इन्सुलिन टोचून घ्यावें लागतेंच, आणि जेवणाबरोबर पाचकद्रव्यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात.

मग खरा प्रश्न उरतो तो वेळेचा. घाई केली, तर सौम्य दुखण्यासाठीं एक अवयव कायमचा गमावला जातो. फार थांबलें, तर वांचविण्याजोगीं बेटें उरत नाहींत, शिवाय वर्षानुवर्षें छळलेल्या मज्जातंतूंना वेदनेची अशी संवय जडते, कीं ग्रंथि गेल्यावरहि ती सुटत नाहीं. म्हणून ज्या घरांत वडील माणसांना हा विकार आहे, तेथें मुलाची पोटदुखी वारंवार येऊं लागतांच वैद्यास घराण्याचा हा इतिहास आधीं सांगावा.