मनगटातलं हट्टी हाड आणि भुलीची सव्वाशेहून अधिक वर्षं

मनगटातलं स्कॅफॉइड हे जेमतेम काजूएवढं हाड. पडताना हात टेकला की मनगटातल्या छोट्या हाडांपैकी बहुधा तेच मोडतं. त्याला रक्त बोटांकडच्या टोकाकडून उलटं येतं, म्हणून कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो आणि महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवूनही कधीकधी जुळत नाही. मग शस्त्रक्रिया करावी लागते, आणि भूल कोणती द्यायची हे ठरवावं लागतं.

निर्णय भूलतज्ज्ञाचा वाटतो खरा, पण तो ठरला सर्जनच्या सवयीने.

नुसता हात बधिर करायची युक्ती जुनीच. 1885च्या सुमारास अमेरिकेत हॉलस्टेड या सर्जनने नसांच्या जुडग्यात कोकेन टोचलं (पुढे तो स्वतःच त्या कोकेनच्या आहारी गेला). 1908मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअरने वेगळीच वाट काढली: हाताला पट्टी गुंडाळून रक्त वर सरकवायचं, दंड आवळायचा आणि शिरेतच औषध सोडायचं. सोपं आणि झटपट. पण तासाभरात आवळलेला दंड असा ठणकू लागतो की रुग्ण चुळबुळतो, आणि स्कॅफॉइडची शस्त्रक्रिया त्याहून लांबू शकते. 1911मध्ये हिर्शेलने काखेतून, तर कुलेनकाम्पफने गळपट्टीच्या हाडावरून सुई घातली. कुलेनकाम्पफने पहिला प्रयोग स्वतःवर केला. पण गळपट्टीच्या हाडापासून फुफ्फुस जवळ, त्यामुळे ते टोचलं जायची धास्ती कायम.

तरीही स्कॅफॉइडच्या रुग्णाला अनेकदा पूर्ण भूलच मिळे. कारण सुईत नव्हतं, कमरेत होतं. माट्टी (1937) आणि रुसे (1960) या सर्जनांमुळे पोकळ केलेल्या हाडात दुसरीकडचं हाड भरणं रूढ झालं आणि ते बऱ्याचदा कमरेच्या हाडातून घेतलं जाई. हात बधिर करून कंबर कशी बधिर होणार?

1991मध्ये झायडेम्बर्गने मनगटालगतच्या रेडियस या हाडातूनच रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा उचलून बसवायची पद्धत मांडली. अशा शस्त्रक्रियेत जखम एकाच हातावर, म्हणजे एक ब्लॉक (नसांजवळ सुई टोचून हात बधिर करणं) पुरतो. 1994मध्ये व्हिएन्नात काप्रालने सोनोग्राफीत बघत गळपट्टीच्या हाडावरचा ब्लॉक दिला आणि फुफ्फुसाची धास्तीही कमी झाली.

दंड आवळण्याला पर्याय मात्र उशिरा रुळला. रक्तवाहिन्या आकसून बोट मरेल म्हणून बोटांत ॲड्रेनालिन टोचायचं नाही, हा धडा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. कॅनडाच्या लालोंड यांच्या गटाने 2005मध्ये हात-बोटांचे 3,110 रुग्ण मांडले. एकाचंही बोट गेलं नव्हतं. तेव्हापासून लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि ॲड्रेनालिन यांच्या मिश्रणावर, दंड न आवळता, जाग्या रुग्णाच्या हातावर कामं वाढली. कमरेचं हाड लागणार असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

ब्लॉकचीही एक खोड आहे. दिवसभर हात लाकडासारखा, आणि उतरला की अचानक कळा, बऱ्याचदा रात्री. म्हणून बधिरपणा जायच्या आधीच वेदनाशामक गोळी घ्यायला सांगतात.