प्रदर्शित माणूस आणि त्याचे प्रवासवर्णन : लंडन, १८८६

लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागात ४ मे १८८६ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ‘कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन’चे उद्घाटन झाले. टेनिसनने त्या प्रसंगासाठी रचलेल्या गीताला सलिव्हनने संगीत दिले होते आणि राष्ट्रगीताचे एक कडवे माक्स म्युलरकृत संस्कृत अनुवादातून गायिले गेले. ते किती श्रोत्यांना कळले असेल, हा प्रश्न गौण होता. संस्कृत तेथे अर्थ पोहोचविण्यासाठी नव्हती; मांडलेल्या वस्तूंपैकी तीही एक होती.

माणसांची मांडणीही याच न्यायाने झाली. पुढे पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनात जावाचे खेडे व कैरोचा रस्ता उभारला गेला, तर १९०४ मध्ये सेंट लुईस येथे हजाराहून अधिक फिलिपिनो लोक आणले गेले. लंडनमध्ये भारताच्या वाट्याला आले ते राजवाड्याचे प्रांगण. शिंद्यांच्या ग्वाल्हेरातील पाथरवटांनी घडविलेले भव्य प्रवेशद्वार ओलांडून प्रेक्षक आत येत आणि विणकर, कुंभार, सोनार आदी कारागीर काम करताना पाहत. संस्थानिकांच्या आश्रयाने परंपरागत व्यवसाय करणारे कारागीर, असे त्यांचे चित्र उभे केले होते. वस्तुतः त्यांतील बरेच जण आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील कैदी होते. त्यांना घेऊन आलेले डॉ. टायलर हे त्या तुरुंगाचे अधीक्षक. ‘परंपरा’ म्हणून जे दाखविले गेले, त्यातील काही भाग तुरुंगातील सक्तीच्या शिक्षणाचे फलित होता. सुमारे ५५ लाख प्रेक्षकांनी हे प्रदर्शन पाहिले.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या प्रदर्शनाचे महत्त्व वाढते ते त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय (१८४७–१९१९) यांच्यामुळे. ते सरकारी अधिकारी म्हणून लंडनला गेले होते आणि प्रदर्शनाच्या आयोजनात त्यांचा हात होता. परंतु गर्दीच्या नजरेला हा भेद दिसत नव्हता. ‘अ व्हिजिट टू युरोप’ (कलकत्ता, १८८९) या इंग्रजी प्रवासवर्णनात ते सांगतात, की प्रेक्षक त्यांच्या देखतच त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलत. समोरच्याला इंग्रजी कळते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. आपल्याआधी झुलूंनी हे कुतूहल अनुभवले होते, असेही ते मिस्किलपणे नोंदवतात. पाहणाऱ्यांचे बोलणे टिपून त्यांनी पाहणाऱ्यांनाच मांडणीत आणून ठेवले.

या उलटापालटीचे कौतुक करताना अभ्यासकांनी जरा थबकावे. मुखोपाध्यायांचा विनोद ज्या अपमानातून उपजतो, तो निव्वळ वंशाचा नाही. आपल्याला कारागिरांच्या पंक्तीत बसविले गेले, ही सुशिक्षित भद्रलोकांची कुचंबणाही त्यात आहे. कारागिरांविषयी ते लिहितात ते बव्हंशी अधिकाऱ्याच्याच भूमिकेतून. साम्राज्याविषयीची त्यांची निष्ठाही लपून राहत नाही. बंगालीत मात्र त्यांची लेखणी अधिक मोकळी होते. ‘कंकावती’ (१८९२) या कादंबरीत साहेबी पोशाख घालून निरर्थक इंग्रजी बडबडणारा बेडूक आहे, तसेच भुतांची एक व्यापारी कंपनी आहे. या दोन ग्रंथांचा थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही, तो ओढूनताणून लावूही नये. तरीही इंग्रजी प्रवासवर्णनात संयमाने केलेली थट्टा बंगाली अद्भुतकथेत उघड होते, हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवल्यावाचून लक्षात येत नाही.

उरतात ते कारागीर. जुलै १८८६ मध्ये त्यांना विंडसरला राणीपुढे नेण्यात आले. तिच्या आज्ञेवरून ऑस्ट्रियन चित्रकार रुडोल्फ स्वोबोदा याने त्यांतील काहींची व्यक्तिचित्रे काढली. आग्र्याचा कुंभार बक्षीराम त्यांतला एक. त्याचे वय १०२ असल्याचे सांगितले जाई. पांढरी दाढी, सुरकुतलेला चेहरा. चित्रासोबत नाव, गाव, व्यवसाय आणि वय यांची नोंद आहे. मुखोपाध्यायांना प्रदर्शित भारतीयांचा प्रतिनिधी ठरविताना या नोंदीत जे नाही, तेही हिशेबात घ्यावे लागते : बक्षीरामने लंडन पाहिले होते, पण त्याचे प्रवासवर्णन कोणी लिहून घेतले नाही.