श्वास परतला, हालचाल परतेना
प्रतिनिधी, अहिल्यानगर

नेवासा तालुक्यातील वाकडी येथे ९ एप्रिल २०२४ रोजी जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचविण्यासाठी एकापाठोपाठ सहा जण आत उतरले. बायोगॅससाठी वापरल्या जाणाऱ्या त्या विहिरीत पाच जण दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. अशा दुर्घटनांत मृतांची नोंद होते. विषारी वायू, शेततळ्यात बुडणे, मण्यारच्या दंशाने बंद पडलेला श्वास किंवा अडलेले बाळंतपण यांतून वाचलेल्या काहींच्या वाट्याला मात्र निराळेच दुखणे येते. हृदय पूर्ववत चालते, श्वास परततो. पण हातपाय मनाचे ऐकत नाहीत.

मिनिटांचा हिशेब

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. मात्र एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो आणि साठा काहीच करीत नाही. रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यास १० ते १५ सेकंदांत शुद्ध हरपते. चार-पाच मिनिटांनंतर पेशींची कायमची हानी सुरू होते. ही हानी सर्वत्र सारखी नसते. मेंदूच्या गाभ्यातील 'बेसल गँग्लिया' आणि लहान मेंदूतील काही पेशी प्राणवायूच्या टंचाईला लवकर बळी पडतात. हालचालींचा तोल आणि लय सांभाळण्याचे काम नेमके याच भागांकडे असते.

प्रत्येक झटका फिटचा नसतो

परिणामी कोणाचे स्नायू आपोआप पिळवटले जाऊन मान-हात वेडेवाकडे होतात. या विकाराला 'डिस्टोनिया' म्हणतात. कोणाचे अंग ताठरते, तर कोणाच्या हालचाली कंपवाताच्या रुग्णासारख्या मंदावतात. लान्स आणि अ‍ॅडम्स या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये आणखी एक प्रकार नोंदविला. त्यातील रुग्ण स्वस्थ बसला असता शांत असतो. पण पेला उचलायला गेला की हाताला झटके बसतात आणि उभा राहिला की पाय एकाएकी लुळे पडतात.

ही लक्षणे कधी काही दिवसांनी, तर कधी काही महिन्यांनी उमटतात. त्यामुळे मूळ घटनेशी त्यांचा संबंध जोडला जात नाही. त्यांना फिट समजले जाते, क्वचित बाहेरची बाधाही. हालचाल बिघडली म्हणजे बुद्धी गेली, हा समजही चुकीचा आहे. बोलता न येणाऱ्या अनेक रुग्णांना सभोवतालचे सारे समजत असते. बेशुद्ध रुग्णाला पहिल्या एक-दोन दिवसांत येणारे झटके हे सहसा गंभीर लक्षण असते. तथापि केवळ त्यावरून आशा सोडू नये. मेंदूचा आलेख आणि पुढील काही दिवसांच्या तपासण्या पाहूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

जन्मवेळची पहिली काही मिनिटे

जन्मतः न रडलेल्या, श्वास न घेतलेल्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास देणे महत्त्वाचे ठरते. तेथे उशीर झाल्यास सेरेब्रल पाल्सीचा धोका संभवतो. अर्थात या विकाराची इतरही कारणे आहेत. प्रगत देशांत अशा बाळाचे शरीर ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार रूढ आहे. मात्र भारत, श्रीलंका व बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेलिक्स' अभ्यासात त्याचा लाभ दिसला नाही. उलट मृत्यूचे प्रमाण वाढले. त्यामुळे आपल्याकडे सुसज्ज, प्रशिक्षित प्रसूतिकक्ष हाच भरवशाचा उपाय ठरतो.

उपचार आणि शुश्रूषा

मेलेल्या पेशी जिवंत करणारे औषध नाही. तरीही झटक्यांसाठी क्लोनाझेपाम, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम आणि ताठरपणासाठी बॅक्लोफेन उपयोगी पडते. बोटुलिनमची इंजेक्शने आखडलेले स्नायू सैल करतात. निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसविण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. या साऱ्याला नियमित व्यायामाची जोड नसेल, तर सांधे कायमचे आखडतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात गळा आवळला जाऊन मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात त्या शुश्रूषेची प्रशंसा केली. खेड्यात हाच भार बहुधा एकट्या आईवर किंवा पत्नीवर पडतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. अशा रुग्णांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. बालकांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते.

हे करा, हे टाळा

बंद विहिरीत किंवा शेणखड्ड्यात कोणी कोसळल्यास मागोमाग उतरू नये. पेटता कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत बायोगॅसमुळे भडक्याला निमंत्रण देते. १०८ क्रमांकावर कळवून बाहेरूनच दोराने मदत करावी. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असल्यास पोटातील पाणी काढण्यात वेळ न दवडता तत्काळ कृत्रिम श्वास व छातीदाब सुरू करावा. रुग्णवाहिका येण्यापूर्वीची ही मिनिटेच रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरवितात.