पर्यटकांच्या फ्लॅटमुळे स्थानिकांचं भाडं कसं वाढतं? बार्सिलोनाचं उदाहरण

सुट्टीत हॉटेलऐवजी एअरबीएनबीवरून फ्लॅट घेणं अनेकांना सोयीचं वाटतं. पण त्याच इमारतीत राहणाऱ्यांचं काय? स्पेनमधल्या बार्सिलोनाने यावर टोकाचा निर्णय घेतला आहे.

निर्णय काय आहे?

जून २०२४ मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की, शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटच्या परवान्यांचं नूतनीकरण होणार नाही. नोव्हेंबर २०२८ पर्यंत हे परवाने संपतील. दहा वर्षांत शहरातलं घरभाडं ६८ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं. यामागचा कातालोनिया प्रांताचा कायदा स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवला.

भाडं वाढतं कसं?

समजा, एका फ्लॅटला महिन्याला १,२०० युरो भाडं मिळतं. तोच पर्यटकांना रात्रीला १२० युरोने दिला, तर दहा रात्रींत तेवढे पैसे सुटतात. मग मालक जुन्या भाडेकरूचा करार वाढवत नाही. असे फ्लॅट वाढले की राहण्यासाठीची घरं कमी होतात आणि शेजारच्या इमारतींतही भाडं चढतं.

फटका सगळ्यांना सारखाच बसतो का?

नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एअरबीएनबीमुळे बार्सिलोनातलं भाडं सरासरी १.९ टक्के वाढलं. मात्र असे फ्लॅट सर्वाधिक असलेल्या भागांत ही वाढ सुमारे ७ टक्के होती. त्याच भागांत रात्रीचा गोंगाट आणि जिन्यातली अनोळखी वर्दळही सोसावी लागते.

बंदीने भाडं उतरेल का?

एकूण भाडेवाढीत पर्यटक फ्लॅटचा वाटा मर्यादित आहे. घरांचा तुटवडा हे मोठं कारण आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कडक नियम लागू केले. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. ऑनलाइन जाहिराती झपाट्याने घटल्या, पण शहरातलं भाडं उतरलं नाही.

बार्सिलोनातल्या फ्लॅटमालकांच्या संघटनांचाही बंदीला विरोध आहे. शिवाय परवाना संपला म्हणून फ्लॅट आपोआप स्थानिक कुटुंबाला मिळेल असं नाही. मालक तो विकू शकतो किंवा काही महिन्यांच्या हंगामी करारावर देऊ शकतो. त्यामुळे बंदीसोबत नवी, परवडणारी घरं किती येतात, यावरच रहिवाशांना मिळणारा दिलासा ठरेल.