सात रात्री, दोन पंगती

संध्याकाळी सहाला पहिली पंगत बसते, साडेआठला दुसरी. पहिली पंगत उठून नाट्यगृहाकडे निघते तेव्हा दुसरी दारात येऊन उभी असते, आणि दुसरीचं जेवण आटोपलं की तिच्यासाठी रंगमंचावर तोच खेळ पुन्हा होतो. भोजनगृह तीन मजले उंच आणि जहाजाच्या रुंदीएवढं, एका वेळी हजारावर माणसं बसतील असं. रोज तेच टेबल, तेच शेजारी, तोच वाढपी. तिसऱ्या रात्रीपर्यंत त्याला तुमचं नाव पाठ झालेलं असतं. तुम्ही भाकरीसारखा पाव आधी संपवता आणि सूप थंड होऊ देता, हेही त्याला ठाऊक असतं. बाहेर अंधारात उत्तर अटलांटिक खळाळत असतो. आत काटे-चमच्यांचा आवाज.

हे जहाज ‘क्वीन मेरी २’. क्यूनार्ड कंपनीचं, साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्रींत नेणारं. लांबी ३४५ मीटर, प्रवासी २,६९१, त्यांच्या दिमतीला बाराशेहून अधिक कर्मचारी. फ्रान्समधल्या सें-नाझेरच्या गोदीत ते बांधलं गेलं. ८ जानेवारी २००४ रोजी राणी एलिझाबेथ दुसरी यांनी त्याचं नामकरण केलं आणि चारच दिवसांनी ते पहिल्या सफरीला निघालं.

सुट्टीतल्या सफरीची बहुतेक जहाजं म्हणजे तरंगती हॉटेलं. ती चांगल्या हवेच्या मागे फिरतात, वादळ दिसलं की वाट वाकडी करतात. ‘क्वीन मेरी २’ची जात वेगळी. तिला ‘लायनर’ म्हणतात. ठरलेल्या दिवशी निघायचं, मधल्या समुद्रात काहीही चाललेलं असो, ठरलेल्या दिवशी पोचायचं. त्यासाठी रचनाकार स्टीफन पेन यांनी जहाजाचं नाक लांब आणि निमुळतं ठेवलं, पोट पाण्यात दहा मीटर खोल बसवलं आणि तेवढ्याच आकाराच्या साध्या क्रूझ जहाजाला लागेल त्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पोलाद वापरलं. दोन्ही कुशींतून पाण्यात पंख बाहेर काढता येतात. ते डोलणं आवरून धरतात. हा सगळा खटाटोप मुख्यतः समुद्रासाठी असला, तरी त्याचं फळ दिसतं ते जेवणाच्या टेबलावर. सूप वाटीतच राहतं.

गाईपासून ग्रिलपर्यंत

समुद्रावरचं जेवण ही मुळात चैन नव्हती. सॅम्युएल क्यूनार्ड हे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे व्यापारी. ब्रिटिश सरकारकडून अटलांटिकपार टपाल नेण्याचं कंत्राट त्यांना मिळालं आणि ४ जुलै १८४० रोजी त्यांची ‘ब्रिटानिया’ ही चाकांची आगबोट लिव्हरपूलहून निघाली. महत्त्व टपालाचं, माणसं जोडीला. ताज्या दुधासाठी बोटीवर एक गाय बांधलेली असे. दीड वर्षाने, १८४२च्या जानेवारीत, चार्ल्स डिकन्स याच बोटीने अमेरिकेला गेले. त्यांना खोली इतकी इवलीशी मिळाली आणि समुद्र इतका खवळलेला, की नंतरच्या प्रवासवर्णनात त्यांनी त्या सफरीची यथेच्छ टिंगल केली. आज ज्या भोजनगृहात पंगती उठतात त्याला त्या हलाखीच्या बोटीचंच नाव दिलेलं आहे.

प्रवास हीच सुट्टी, ही कल्पना पुढची. हॅम्बुर्गच्या जहाज कंपनीचे अल्बर्ट बालिन यांच्यापुढे प्रश्न होता की हिवाळ्यात अटलांटिकवर गिऱ्हाईक नाही, मग महागडी जहाजं गोदीत उभी करून काय करायचं? १८९१च्या जानेवारीत त्यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ भूमध्य समुद्राकडे वळवली. प्रवाशांना कुठे पोचायची घाई नव्हती. बंदरं बघायची, परत बोटीवर यायचं, जेवायचं. आजच्या क्रूझ-धंद्याचं मूळ बहुतेक जण या सफरीत शोधतात. रिकाम्या खोल्या भरण्याच्या हिशेबातून एक नवी करमणूक निघाली.

विमानांनी लायनर मोडीत काढली, पण क्यूनार्डने एक सवय सोडली नाही. मूळच्या ‘क्वीन मेरी’वर, १९३६ साली, तीन वर्ग होते आणि एका वर्गातल्याला दुसऱ्यात पाय टाकता येत नसे. आता तसं नाही. वाचनालय, नाचघर, तारांगण, सगळे डेक, जवळपास सगळं सगळ्यांना खुलं. फक्त जेवायला कुठे बसायचं ते तुमची खोली ठरवते. सर्वांत महाग दालनांतले ‘क्वीन्स ग्रिल’मध्ये, त्याखालचे ‘प्रिन्सेस ग्रिल’मध्ये, मग ‘ब्रिटानिया क्लब’, आणि उरलेले सगळे दोन पंगतींच्या ‘ब्रिटानिया’त. ग्रिलवाल्यांचं टेबल सबंध सफरीसाठी राखून ठेवलेलं असतं. सहा काय, साडेआठ काय, हवं तेव्हा यावं.

आपल्याकडे पंक्तिभेद हे पाप मानलं गेलं. एकाच पंगतीत एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या भातावर थेंब, हे वाढणाऱ्याला लाजिरवाणं. पण खरं सांगायचं तर हे पाप टाळण्याची सोपी युक्तीही आपणच काढली होती. पंगतीच वेगळ्या बसवायच्या. मग ज्याच्या त्याच्या पंगतीत सगळं समान. क्यूनार्डने नेमकं हेच केलं, फरक इतकाच की तिथे जातीच्या जागी तिकिटाचा दर आला.

पंचवीस तासांचा दिवस

सात रात्रींत मध्ये एकही बंदर नाही. भोवती पाण्याचं वर्तुळ, रोज सारखंच. अशा वेळी माणसाला दिवस कळतो तो खाण्यावरून. आदल्या संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाची छापील कार्यक्रमपत्रिका येते आणि लोक ती पंचांगासारखी वाचतात. सकाळी सातव्या डेकवरच्या ‘किंग्ज कोर्ट’मध्ये न्याहारी, हवं ते हाताने वाढून घ्यायची. मग व्याख्यान, ब्रिज, पोहणं किंवा उघड्या डेकवर वाऱ्याशी झगडत फेऱ्या. दुपारी बाराला कॅप्टन ध्वनिक्षेपकावर येऊन जहाज कुठे आहे, खाली पाणी किती खोल आहे, वारा कुठला, हे सांगतो. एरवी कधी नकाशा न पाहिलेली माणसंही तेव्हा घास थांबवून ऐकतात.

साडेतीनला चहा. ‘क्वीन्स रूम’ या नाचघरात पांढरे हातमोजे घातलेले वाढपी रांगेने आत येतात. काकडीचे पातळ सँडविच, मग स्कोन, त्यावर घट्ट साय आणि स्ट्रॉबेरीचा जॅम. जेवून दोन तास झालेले, अडीच तासांनी पुन्हा पहिली पंगत, तरी एक खुर्ची रिकामी नसते. भूक लागते म्हणून नव्हे, साडेतीन वाजले म्हणून.

संध्याकाळी सहानंतर पोशाखाचे नियम लागू होतात. सफरीत काही रात्री खास समारंभाच्या, त्या दिवशी पुरुषांना काळा सूट आणि बो. ज्यांना हे सोंग नको त्यांना मज्जाव नाही. ते ‘गोल्डन लायन’ पबमध्ये किंवा वर ‘किंग्ज कोर्ट’मध्ये साध्या कपड्यांत जेवतात. एकट्या आलेल्या बायकांना नाचायला जोडीदार मिळावा म्हणून कंपनी चांगले नाचणारे पुरुष जहाजावर ठेवते. आणि वरच्या डेकवर कुत्र्यांची वसाहत आहे. तिथे त्यांच्या सोयीसाठी ब्रिटिश धाटणीचा दिव्याचा खांब आणि अमेरिकी धाटणीचा आगीचा बंब-नळ, दोन्ही उभे केलेत. कोण कुठल्या देशाचा, त्याने आपला खांब निवडावा.

वेळेची गंमत वेगळीच. साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाच तासांचं अंतर. विमानात ते एका दमात अंगावर येतं. इथे पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे. पाच दिवस पंचवीस तासांचे, दर रात्री तासभर झोप फुकट. परतीच्या वाटेवर हीच उधारी फेडावी लागते. दुपारी बाराला घड्याळ थेट एक दाखवतं, आणि न्याहारी पचायच्या आत जेवणाची वेळ झालेली असते.

पाण्याखालचा रस्ता

प्रवाशांना न दिसणारा एक लांबच लांब बोळ जहाजाच्या पोटातून जातो. कर्मचाऱ्यांच्या खोल्या, कोठारं, धोबीखाना, गॅली सगळं त्याला जोडलेलं. गॅली म्हणजे जहाजावरचा मुदपाकखाना. तिथे उघडा जाळ नाही, सगळं विजेवर. ही वीज तळातली चार डिझेल इंजिनं तयार करतात. जोर लागला तर धुराड्याच्या पायथ्याशी बसवलेल्या दोन गॅस टर्बाइनही सुरू होतात. जहाज ढकलणारे चार पंखे आणि ऑम्लेटचा तवा यांची वीज एकाच ठिकाणाहून येते. पिण्याचं पाणी समुद्रातूनच, खारेपण काढून.

गॅलीत सर्वांत मोठी भीती आगीच्या खालोखाल पोटाच्या विकाराची. बंद जागेत तीन-चार हजार माणसं, एकाला झालं की शंभरांना व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तपासणी तिथलं आरोग्य खातं १९७५ पासून करतं. शंभर गुणांची परीक्षा, ८५ किंवा कमी म्हणजे नापास. थंड पदार्थ ५ अंशांच्या वर जाता कामा नये, गरम पदार्थ ५७च्या खाली येता कामा नये. तपासनीस खिशात तापमापक घेऊन फिरतात. भोजनगृहाच्या दारात हातावर जंतुनाशक ओतणारा हसरा माणूस उभा असतो. ते हसू आतिथ्याचं, पण त्यामागे हा धाक आहे.

ताटात टाकलेलं अन्न कुठे जातं? आंतरराष्ट्रीय नियमानुसार ते २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक दळलं, तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे समुद्रात सोडता येतं. न दळलेल्या अन्नासाठी बारा मैल. प्लॅस्टिक मात्र कुठेच नाही, ते बंदरापर्यंत सांभाळून न्यायचं.

या बोळात मराठी वाचकाला ओळखीचे आवाज ऐकू येतील. ब्रिटिश जहाजांवरचं हिंदुस्थानी मनुष्यबळ ही दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी गावावरून होई. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, इंजिनात पंजाबी आणि पठाण, आणि भोजनगृहात, स्वयंपाकात गोव्याचे ख्रिस्ती. सारंग, तांडेल, सुखाणी ही पदं इंग्रज अधिकाऱ्यांच्याही तोंडी बसली होती. खलाशांचं जेवण रांधणाऱ्याला म्हणत भंडारी. गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. मुंबईत बोट मिळेपर्यंत त्याचा मुक्काम धोबीतलावला किंवा माझगावला आपल्या गावच्या ‘कुडा’त. एक मोठी खोली, भिंतीशी ट्रंकांची रांग, देव्हाऱ्यात गावचा संत, भाडं नाममात्र. पी अँड ओ क्रूझेस आणि क्यूनार्ड आज एकाच मालकीच्या आहेत, आणि त्यांच्या जहाजांवर गोवा-मुंबईची माणसं आजही मोठ्या संख्येने आहेत.

त्यांचं आयुष्य करारांत मोजलं जातं. ‘साइन ऑन’ ते ‘साइन ऑफ’, मध्ये कित्येक महिने, आठवड्याची सुट्टी नाही. सागरी कामगार करार २०१३ साली अमलात आला, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. उलट वाचलं तर आठवड्याला ९१ तास काम कायद्यात बसतं. पश्चिमेकडे जाताना मिळणारा तो जादा तास प्रवाशाला झोप वाटतो. खालच्या बोळात त्याचं मोल त्याहून पुष्कळ जास्त.

शेवटची सकाळ

सातव्या रात्री सामान दाराबाहेर ठेवायचं असतं. पहाटे जहाज न्यूयॉर्कच्या तोंडाशी असलेल्या व्हेराझॅनो पुलाखालून जातं. धुराडं आणि पूल यांच्यात काही मीटरच उरतात. धुराड्याची उंचीच मुळी हा पूल डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली. तरीही डेकवर कुडकुडत उभी असलेली माणसं श्वास रोखतात. ब्रुकलिनच्या धक्क्यावर जहाज लागतं. लवकरची न्याहारी, वाढप्याशी हस्तांदोलन, आणि दुपारच्या आत अडीच हजारांवर माणसं उतरून तेवढीच नवी चढू लागतात. चादरी बदलतात, कोठारात नवा माल येतो, टेबलांच्या याद्या नव्याने लागतात. वाढपी नवी नावं पाठ करू लागतो.

आपल्याकडच्या लग्नघरात सगळे जेवून उठले की शेवटची पंगत वाढप्यांची आणि आचाऱ्यांची. यजमान स्वतः हातात जिलबीचं ताट घेऊन त्यांना आग्रह करतो. जहाजावर हा क्रम उलटा. पाचच्या सुमारास, वर लोक आरशासमोर टाय बांधत असताना, खालच्या मेसमध्ये वाढप्यांच्या ताटात भात पडतो. फिलिपिनो आणि हिंदुस्थानी माणसांमुळे तिथे भात कायम असतो. जेवण वीस मिनिटांत आटोपतं, आग्रहाला कुणी नसतं. या जेवणाची वेळ प्रवाशांच्या कार्यक्रमपत्रिकेत छापत नाहीत. म्हणूनच ‘ब्रिटानिया’त पंगती दोन मानल्या जातात, आणि सहाच्या पंगतीला पहिली म्हणायची पद्धत आहे.