सहीची जोखीम

उद्योजक जोखीम घेतो ती स्वतःच्या पैशाची. सरकारी बँकेतला अधिकारी कर्जाच्या कागदावर सही करतो तेव्हा पैसा त्याचा नसतो, नफ्यात वाटाही नसतो. कर्ज बुडालं तर दक्षता विभागाचं पत्र मात्र त्याच्याच नावाने येतं, तेही कधीकधी निवृत्तीच्या तोंडावर. म्हणून ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाईल वर सरकवणं ही आमच्याकडची सर्वांत सुरक्षित कला. नोकरीत ती मी पुष्कळ पाहिली.

अशा वातावरणात पुढाकार घेणं म्हणजे काय, हे रंजना कुमार यांच्या कामावरून कळतं. चेन्नईच्या इंडियन बँकेला १९९५-९६ मध्ये १,३३६ कोटींचा तोटा झाला होता. १९९९ मध्ये वर्मा समितीने ज्या तीन सरकारी बँका दुबळ्या ठरवल्या त्यांत ती होती. ती बंदच करावी, असंही सुचवलं जात होतं. २००० साली बँक ऑफ इंडियात घडलेल्या रंजनाताई तिच्या अध्यक्षा झाल्या. तोट्यातल्या शाखा दुसऱ्या शाखांत मिळवल्या, प्रशासनाची एक पायरीच काढून टाकली, स्वेच्छानिवृत्ती योजना राबवली. थकीत कर्जांत तडजोडीही केल्या. वाचायला हे सोपं वाटतं. पण दहा रुपये येणं असताना सहा घेऊन खातं बंद करायचं म्हणजे उरलेले चार का सोडले, हे उद्या कोणीही विचारू शकतो. सही न करणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही! २००१-०२ मध्ये बँक नफ्यात आली.

पण त्या खुर्चीपर्यंत बायका पोचतात किती? बँकेत बढती आणि बदली या जुळ्या बहिणी. मुलगी दहावीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मग बढती नको, असा अर्ज जातो आणि साहेब म्हणतात, बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते. नवऱ्याची बदली झाली की घरात ट्रकची चौकशी होते. बायकोची झाली की ती रद्द कशी होईल याची.

अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या. बदलीच्या गावी मुलीला शाळा मिळेना तेव्हा नोकरी सोडण्याचा विचार मनात आला होता, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. पुढे बँकेचे काही नवे व्यवसाय उभे करण्यात त्यांचा वाटा राहिला आणि २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत मुलं किंवा घरातली वृद्ध माणसं सांभाळण्यासाठी महिला कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय झाली. राजीनामा न देता घरी थांबता येईल, एवढंच. मला ती मोठ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने १,००० कोटींच्या भांडवलावर भारतीय महिला बँक काढली. स्त्रियांसाठी वेगळी चूल मांडण्याचा तो बेत मला फारसा पटला नव्हता. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हा तिथे अध्यक्षपदी अरुंधतीबाईच होत्या.